किल्ल्यासाठी एक कोपरा

सहामाही परीक्षा संपली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या आवारात माती येऊन पडते. फुटक्या विटा गोळा होतात, कुणाच्या तरी माळ्यावरून गोणपाट निघतं आणि जिन्याजवळ दिवाळीचा किल्ला उभा राहू लागतो. वर्षभर लिफ्टमध्ये एकमेकांना नुसती पाहणारी मुलं एकाच घमेल्यात हात घालून चिखल कालवतात.

आमच्या इमारतीतली मुलं निरनिराळ्या शाळांत जातात. सकाळी फाटकापाशी एकेकाची बस येते, संध्याकाळी एकेकाचा क्लास असतो. माझी मुलगी मुळात अबोल. ‘जा, ओळख करून घे,’ म्हटलं की ती माझ्या मागे सरकायची. किल्ल्यापाशी मात्र मुद्दाम ओळख करून घ्यावीच लागत नाही. नजर मातीकडे, हात कामात, बोलणं तेवढं बुरुजाबद्दल. ‘अगं, पाणी कमी घाल, तट खचेल,’ असं पलीकडच्या विंगमधला दादा म्हणाला आणि तिनं हात आवरला. नावं विचारली गेली ती मागाहून. आधी काम, मग थोडं भांडण, मग नाव, याच क्रमानं मुलं एकमेकांची होतात.

भांडणही हवंच. तोफेचं तोंड कुणीकडे, महाराजांच्या सिंहासनाशेजारी कुणाचा मावळा, यावर हमरीतुमरी होते आणि काम अडतं म्हणून ती मिटतेही. वर्गात सगळे एकाच वयाचे. इथे आठवीतला दादा आराखडा सांगतो आणि बालवाडीतलं पोर पाणी सांडत तांब्या आणतं. मग उतारावर अळीव पेरायचे. त्यांच्यावर रोज पाणी शिंपडावं लागतं, म्हणून रोज खाली यावं लागतं. हिरवळ उगवेपर्यंत ‘उद्या कधी येतेस?’ हा प्रश्न सवयीचा झालेला असतो.

आई-बाबांनी करायचं ते एवढंच: कोपऱ्याची परवानगी काढायची, माती आणून द्यायची, चिखलाच्या पायांवर रागवायचं नाही आणि वाकडा बुरुज वाकडाच राहू द्यायचा. बाजारातून तयार किल्ला आणला की हे सगळं वजा होतं.

पण दिवाळी संपते, किल्ला मोडतो. पुढचे महिने मुलांनी कुठे भेटायचं? ही काळजी आपल्याकडे जुनीच आहे. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर निरनिराळ्या घरांतली, जातींतली मुलं संध्याकाळी एकत्र खेळली, गायली. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबावर, पुण्याच्या गरवारे बालभवनात खेळांतून, मुलांना शाळेबाहेरचे सवंगडी मिळत आले. ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि हातांना काम, एवढं मिळालं की पुढचं मुलंच करतात.

आमच्या आवारात गाड्यांसाठी पांढऱ्या पट्ट्यांचे चौकोन आखलेले आहेत. त्यातला एक चौकोन बारा महिने मुलांचा असावा, असा ठराव मी सोसायटीच्या येत्या सभेत मांडणार आहे.