नार्विकची थंडी

लष्करी इतिहासाच्या प्रकल्पासाठी मी नार्विक निवडलं, त्यामागे फार मोठा विचार नव्हता. नौदलाची लढाई हवी होती आणि मिडवे माझ्याआधीच दोघांनी घेतली होती. नार्विक हे उत्तर नॉर्वेतलं, आर्क्टिक वृत्ताच्याही वरचं बंदर. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने ते घेतलं आणि त्याच महिन्यातल्या दोन चकमकींत तिथे पाठवलेल्या दहाच्या दहा विनाशिका गमावल्या. एवढा अट्टहास कशासाठी, तर लोखंडासाठी. स्वीडनमधल्या किरुना भागातलं खनिज रेल्वेने दोन बाजूंना जायचं, पूर्वेला ल्युलिओ आणि पश्चिमेला नार्विक. ल्युलिओचं बंदर हिवाळ्यात गोठायचं, नार्विकचं गोठत नसे. म्हणून लढाई नार्विकला झाली.

या रेल्वेचा नकाशा काढताना एक गोष्ट लक्षात आली, ती प्रकल्पात कुठे बसत नव्हती, म्हणून इथे लिहितो. आज या मार्गाच्या दोन्ही टोकांना पुन्हा गर्दी होऊ लागली आहे. ल्युलिओला फेसबुकचं डेटा सेंटर २०१३ मध्ये सुरू झालं. नार्विकजवळ खास एआयसाठी २३० मेगावॉटचं केंद्र उभारण्याची घोषणा जुलै २०२५ मध्ये झाली. या वेळी लोखंड नको आहे. हवी आहे धरणांची स्वस्त वीज आणि थंडी.

थंडी ही मागून घेण्यासारखी वस्तू असू शकते, हे मला आधी खरंच वाटलं नाही. आमच्या घरी थंडी म्हणजे शत्रू. बाबा सियाचीनला होते. तिथल्या आठवणी सांगताना ते गोळीबाराबद्दल कमी आणि पायमोज्यांबद्दल जास्त बोलतात. पण एआय चालवणाऱ्या हजारो चिप रात्रंदिवस तापतात. त्यांना गार ठेवायलाच बरीच वीज लागते. बाहेरची हवा फुकट गार मिळाली तर तेवढी वीज वाचते. हिशेब चोख आहे, आणि ही वीज कोळशाची नाही हेही खरं. कंपन्या तिला स्वच्छ म्हणतात.

मी या स्वच्छ विजेच्या मागे लागलो. ल्युलिओची वीज ल्युले नदीवरच्या धरणांतून येते. त्यातलं पोर्युसचं वीजकेंद्र शंभर वर्षांपूर्वी बांधलं गेलं ते याच लोखंडाच्या रेल्वेला वीज द्यायला. वर सुओर्व्हाचं धरण आहे. तो भाग १९०९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला होता. दहाच वर्षांनी, १९१९ मध्ये, धरणासाठी तो उद्यानातून वगळला. पुढे धरणाची उंची पुन्हा पुन्हा वाढवली आणि दरवेळी पाणी वर चढलं. तिथे सामी लोक रेनडियर पाळतात. त्यांची काठावरची कुरणं गेली, वस्त्या हलवाव्या लागल्या. शिवाय हिवाळ्यात विजेसाठी पाणी सोडलं की वरचा बर्फ खालून पोकळ होतो. ज्या गोठलेल्या तळ्यावरून पूर्वी कळप बिनधास्त जात, तिथे आता पाऊल टाकण्याआधी विचार करावा लागतो.

दुसरा फटका हवेचा. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. तिथे आता भर हिवाळ्यातही कधीकधी पाऊस पडतो. पाऊस बर्फावर पडतो, गोठतो आणि काचेसारखा थर तयार होतो. रेनडियर खुराने बर्फ उकरून खालचं दगडफूल खातात. हा थर त्यांना फुटत नाही. रशियातल्या यामल द्वीपकल्पावर २०१३ च्या नोव्हेंबरात असंच झालं आणि सुमारे ६१,००० रेनडियर उपासमारीने मेले. चारा होता, अगदी पायाखाली होता.

आता यात एआयचा हात किती? इथे उगाच आरडाओरडा करण्यात अर्थ नाही. २०१३ मध्ये तर आजचं एआय नव्हतंच. जगातल्या सगळ्या डेटा सेंटरनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या वापराच्या दीड टक्का, आणि त्यातलाही सगळा वाटा एआयचा नाही. पण आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०३० पर्यंत हा आकडा दुपटीच्या वर जाईल, आणि या वाढीचं मोठं कारण एआय आहे. सगळी केंद्रं काही नार्विकला नसणार. बरीचशी कोळसा आणि गॅसवर चालतील. तो धूर कुठल्याही देशात निघाला तरी तापतं ते उत्तर टोकही.

माझा रूममेट यावर म्हणाला, "अरे, पण एआय तिथल्या प्राण्यांना वाचवतंयसुद्धा." त्याचं बरोबर होतं. ब्रिटिश संशोधकांनी २०२१ मध्ये आइसनेट नावाची प्रणाली जाहीर केली. समुद्रावर पुढच्या काही महिन्यांत बर्फ कुठे असेल याचा अंदाज ती देते. अस्वल, वॉलरस, कॅरिबू यांच्यासाठी ही माहिती मोलाची. पण हीच प्रणाली माझ्या मुद्द्याचा पुरावा आहे असं मी त्याला सांगितलं. महासंगणकावरच्या जुन्या पद्धतीपेक्षा ती कितीतरी हलकी आहे, अंदाज काढायला काही सेकंद पुरतात. कामाचं एआय नेहमी अवाढव्य असावंच लागतं असं नाही. गेल्या टर्ममध्ये आमच्या हाउसमधल्या निम्म्या मुलांनी पीटीच्या उस्तादांची कार्टून एआयकडून काढून घेतली. (उस्तादांना ती आवडली, हा भाग वेगळा.) दोन्हींना एकाच तराजूत घालून "एआय चांगलं की वाईट" असा वाद घालणं मला पटत नाही. आमच्या वादविवाद स्पर्धेत मात्र विषय तसाच होता.

धरणाचा भाग मी आबांना फोनवर वाचून दाखवला, कारण आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट. नार्विकचं ते एक केंद्र तिच्या आठव्या-नवव्या हिश्शाएवढी वीज घेणार. पाणी चढलं तेव्हा आबा दहा वर्षांचे होते. सुओर्व्हाचं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मेगावॉटबद्दल काही विचारलं नाही.

"ती जनावरं जुन्याच वाटंनं जात्यात का रं अजून?"

कळप पिढ्यान्‌पिढ्या त्याच वाटा धरतात, असं मी सांगितलं.

"व्हय. आमची म्हस दोन वर्सं पाण्याच्या कडंला जाऊन उभी ऱ्हायची," आबा म्हणाले. "गोठ्याकडं तोंड करून."