घुसळण

रक्तपेढीत एक पेटी अहोरात्र हलत असते. आतल्या कप्प्यांवर पिवळसर पिशव्या निजलेल्या, आणि पेटी त्यांना पाळण्यासारखी झुलवीत असते. आमच्या थोरल्या बंधूंच्या रक्तकर्करोगाच्या दिवसांत, येथे इंदुरातच, त्या पेटीसमोर आम्ही कितीतरी तास काढले. २२ अंशांच्या आसपासचे तापमान, अखंड झुलणे, एवढे लाड करूनही त्या प्लेटलेट्सचे आयुष्य पाच दिवसांचे! शासकीय कोठारांचे हिशेब तपासण्यात हयात गेलेल्या आम्हांस साठा न करता येणारी वस्तू पचनी पडेना.

रामबागेतील परिचित, जुने सहकारी, त्यांची मुले, असे दाते जमवले. पण वारंवार परक्या प्लेटलेट्स घेतल्याने दादांच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली. पिशवी चढे; आकडा नऊ हजारांवरून हलत नसे. निरोगी माणसात तो दीड लाखाच्या वर असतो. “आता कोणाच्या दारी जाऊ नकोस रे,” दादा एवढेच म्हणाले.

ते गेल्यानंतर क्योटो विद्यापीठातील कोजी एतो यांच्या प्रयोगाविषयी वाचनात आले. अस्थिमज्जेतील एक अवाढव्य पेशी फुटून हजारो प्लेटलेट्स जन्मतात. मूलपेशींपासून ही जननी पेशी प्रयोगशाळेत वाढवता येत होती, मात्र तेथे ती कृपणासारखी वागे. जिवंत उंदराच्या मज्जेत डोकावल्यावर उमगले की रक्तप्रवाहात जेथे खळबळ असते, तेथेच ती मोकळी होते. मग आठ लिटरच्या पात्रात वरखाली हलणारी पाती बसवली, आणि शंभर अब्ज प्लेटलेट्स हाती आल्या. हे २०१८ साली प्रसिद्ध झाले. माजघरात रवी फिरवणाऱ्या आमच्या आईस यात नवल वाटले नसते. अर्थात, किती घुसळावे म्हणजे पेशी न मरता प्रसवेल, हे तिलाही सांगता आले नसते.

२०२२ साली पुढील वृत्त आले. मज्जा निकामी झालेला एक रुग्ण. दादांसारखीच प्रतिपिंडे, जुळणारा दाता नाही. त्याच्याच पेशींपासून प्लेटलेट्स घडवून, मात्रा वाढवीत, तीन वेळा त्यास दिल्या. गंभीर अपाय झाला नाही. आकडा मात्र म्हणावा तसा चढला नाही. त्या ओळीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. नऊ हजारांचा तो कागद अजून आमच्या कपाटात आहे. तरी त्या रुग्णासाठी कोणास कोणाच्या दारी जावे लागले नव्हते.