शिळें पान

भिवंडींत राहणाऱ्याला साठवणुकीचें महत्त्व निराळें सांगावें लागत नाहीं. यंत्रमागांचा खडखडाट येथें अजूनहि ऐकूं येतो. परंतु ठाण्याहून कशेळीची खाडी ओलांडली कीं काल्हेर, पूर्णा, राहनाळ या गांवांतून प्रथम दिसतात तीं गोदामें. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजीं बंद झाली. पण जकातीमुळें वेशीबाहेर माल ठेवण्याची व्यापाऱ्यांना लागलेली सवय कांहीं सुटली नाहीं. मुंबईकराला हवी ती वस्तु दूरच्या कारखान्यांतून न आणतां जवळच्या फळीवरून उचलून द्यावयाची, हा या गोदामांचा धर्म.

संगणकांतील ब्राउझर हेंच करीत असतो. एकदां आणलेलें पान, चित्र वा आज्ञावली तो आपल्या कोठारांत ठेवतो आणि पुन्हां मागणी आली कीं दूरच्या सर्व्हरला त्रास न देतां घरचीच प्रत पुढें करतो. या कोठाराला 'कॅश' म्हणतात. एरवीं हा गुणच; पण कोठारांतला माल शिळा झाला आणि राखणदाराला त्याचा पत्ताच नसला, म्हणजे तो अंगाशीं येतो.

माझा भाचा अशाच एका गोदामासाठीं संगणकावरची नोंदवही तयार करतो. सारी वही एकाच वेब-पानांत. तें एकदां उघडलें कीं दिवसाचें सर्व काम त्यांतच चालतें. एके सकाळीं तेथील कारकुनानें सहा गाड्या भलत्याच दारांशीं लावल्या. दारांची मांडणी आदल्या रात्रींच नव्या आज्ञावलींत बदलली होती. मुकादम म्हणाला, "याचा दिवस कापा." कारकून एवढेंच म्हणत राहिला, "साहेब, पडद्यावर होतें तेंच मीं केलें."

तो खरें बोलत होता. त्या यंत्राकडून सकाळीं पानाची मागणीच आलेली नाहीं, हें भाच्यानें सर्व्हरच्या नोंदींत दाखविलें, तेव्हां त्याचा दिवस वांचला. तरीहि कुणीसें म्हणालेंच, "पान रिफ्रेश करायला नको कां?" शिळें अन्न वाढणाऱ्यानें जेवणाऱ्यालाच वास घेऊन पाहण्याचा उपदेश करावा, त्यांतला हा प्रकार!

मीं भाच्याला म्हटलें, "मग साठवणच बंद कर ना."

"नाहीं मामा. पत्र्याच्या छपराखालीं रेंज जेमतेम. प्रत्येक वेळीं सारा माल नव्यानें आणायचा म्हटलें, तर पान उघडेपर्यंत गाडी निघून जाईल."

मग त्यानें उपाय सांगितला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ च्या नियमांपासून पाठविणाऱ्याला आपल्या मालावर 'कॅश-कंट्रोल' नांवाची सूचना लिहितां येते. 'नो-स्टोअर' म्हणजे ठेवूंच नका. 'नो-कॅश' हें नांव मात्र फसवें आहे; त्याचा अर्थ, खुशाल ठेवा, पण वापरण्यापूर्वीं विचारा. ब्राउझर जुन्या प्रतीची खूण कळवितो. बदल नसेल तर सर्व्हर '३०४' एवढेंच उत्तर देतो, माल पाठवीत नाहीं. आरंभींच्या चिमुकल्या पानाला ही सूचना द्यावयाची. मोठ्या फाइलींच्या नांवांत त्यांच्या मजकुरावरून काढलेली खूण गुंफावयाची. मजकूर बदलला कीं नांव बदलतें. म्हणून त्या वर्षभर ठेवल्या तरी भय नाहीं. आज कोणत्या नांवाची फाइल घ्यावयाची, हें तें चिमुकलें पान सांगतें.

"आणि पान चार दिवस उघडेंच राहिलें तर?"

"मग पानानेंच मधून मधून सर्व्हरला विचारायचें, आणि नवी आवृत्ति निघाली असली तर हातचें काम जपून स्वतःला नव्यानें उघडायचें."

त्या साऱ्यांतून माझ्या मनांत राहिला तो 'नो-कॅश'चा खरा अर्थ. आपणहि माणसांविषयींचीं मतें मनाच्या फळ्यांवर रचून ठेवतों. अमका आळशी, तमका लबाड. कधीं काळीं आणलेला हा माल! तो ठेवूंच नये, असें मी म्हणणार नाहीं. त्यावांचून व्यवहार चालावयाचा नाहीं. मात्र त्याच्या आधारें कुणाचा दिवस कापण्यापूर्वीं त्या माणसाला एकदां विचारावें. पुष्कळदां 'बदल नाहीं' एवढेंच उत्तर येईल. आणि विचारण्याला खर्च तो किती?