गव्हाच्या बिअरचा रंग

मॉल्ट एक्स्ट्रॅक्टची बिअर काळपटच होणार, असं इथे विस्कॉन्सिनमध्ये घरी बिअर करणारे पुष्कळ जण गृहीत धरतात. पिवळीधमक, गढूळ हेफेवायझेन, म्हणजे जर्मन धाटणीची गव्हाची बिअर, हवी असेल तर अख्खं धान्य भरडून रस काढा, हा सल्ला नव्या माणसाला हमखास मिळतो. मला तो पटत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअर करमुक्त झाली, आणि तिची गोडी अनेकांना लागली ती एक्स्ट्रॅक्टमुळेच. लहान स्वयंपाकघर आणि एक मोठं पातेलं, एवढ्यात तो निभावतो.

मोड आणून वाळवलेल्या धान्याचा गोड रस आटवला की एक्स्ट्रॅक्ट होतो. गव्हाच्या एक्स्ट्रॅक्टमध्ये बार्लीही असते. पण जर्मन नियमानेसुद्धा वायझेनमध्ये गव्हाचं मॉल्ट निम्मं असलं की पुरतं, त्यामुळे तिथे काही अडत नाही. अडतं ते रंगापाशी. साखर आणि प्रथिनांतले घटक उष्णतेत एकमेकांशी भिडले की तपकिरी रंग धरतात, आणि रस जितका दाट तितका तो लवकर चढतो. आमच्या कोल्हापूरकडे गुऱ्हाळावर रस दाट होत आला की गुळव्या काहिलीवरून नजर हटवत नाही, कारण गुळाचा रंग तेव्हाच ठरतो. इथल्या पाककृती मात्र सगळा एक्स्ट्रॅक्ट आठ-दहा लिटर पाण्यात घालून तासभर उकळायला सांगतात आणि मग थंड पाणी ओतून एकोणीस लिटर भरायला. नंतर कितीही पाणी ओतलं तरी चढलेला रंग जात नाही, फक्त पातळ होतो.

म्हणून मी एकोणीस लिटरला २.७ किलो कोरडा एक्स्ट्रॅक्ट घेतो आणि त्यातला तिसरा हिस्साच सुरुवातीला घालतो, हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा उतरायला तेवढा रस पुरतो. बाकीचा शेवटच्या पंधरा मिनिटांत. एक्स्ट्रॅक्ट कारखान्यात आधीच तापलेला असतो, त्याला पुन्हा तासभर उकळी द्यायची गरज नाही. मात्र रस पातळ असला की हॉप्स जास्त कडू उतरतात, तेव्हा हालरटाऊ हॉप्स थोडे कमी करावे लागतात.

भुकटी घालताना आच पूर्ण बंद. वाफ लागली की ती पिशवीच्या तोंडाशीच चिकटते, पाण्यात पडली की बाहेरून ओली आणि आतून कोरडी अशा गाठी होतात. लांब दांड्याचा उलथना तळाशी घासत फिरवत राहायचं. तळ गुळगुळीत लागेपर्यंत बर्नर पेटवायचा नाही. तळाला बसलेला थर करपतो, आणि ती करपट चव यीस्टला झाकता येत नाही. पुन्हा उकळी फुटताना गव्हाच्या प्रथिनांचा फेस भराभर वर येतो, तेव्हा पातेल्यापासून हलायचं नाही.

द्रव एक्स्ट्रॅक्ट डब्यात पडून पडून काळवंडतो, आणि त्याबरोबर एक शिळी, जडसर गोडी येते. माझा रंगाचा आग्रह खरा याच्यासाठी आहे. अशी गोडी असलेल्या बिअरमध्ये वायहेनश्टेफान या जर्मन ब्रुअरीच्या यीस्टने कितीही मन लावून केळ्याचा आणि लवंगेचा गंध आणला तरी तो दबून जातो. बिअर आंबताना मी तापमान १८ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतो, म्हणजे लवंग जाणवते आणि केळं तिच्यावर कुरघोडी करत नाही. दुकानात डब्यावरची तारीख जुनी दिसली तर सरळ भुकटी घ्यावी.

काचेच्या फर्मेंटरमधला रंग पाहून धीर सोडू नये. तिथे उजेडाला खूप जाड थरातून यावं लागतं, म्हणून तीच बिअर दोन-तीन छटा गडद दिसते. उंच ग्लासात बाटलीतली बहुतेक बिअर आधी ओतावी, उरलेली गोल हलवून तळाचं यीस्ट उठवावं आणि तेही वरून ओतावं. त्या गढूळपणाने रंग आणखी उजळ दिसतो.