ज्यांचं दुःख, त्यांचंच नाटक

बर्लिनमध्ये तीन मोठी ऑपेरागृहं आहेत. शहराची फाळणी झाली तेव्हा दोन पूर्वेला राहिली, एक पश्चिमेला. भिंत पडली, शहर एक झालं, पैशांची ओढाताण झाली, तरी बर्लिनकरांनी तिन्हींपैकी एकालाही टाळं लागू दिलं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याहून इथे आले तेव्हा मला याचं नवल वाटायचं. कापसाच्या भावावर घरातली दिवाळी ठरते अशा मुलखातून आलेल्या माणसाला, गाण्याबजावण्यावर सरकारी तिजोरीतून इतका खर्च होतो हे पटायला वेळ लागतो. आता मी ठामपणे म्हणते, की तो पैसा सत्कारणी लागतो. अट एकच: ज्यांनी नाटकगृहाचा उंबरा कधी ओलांडला नाही, त्यांना तिथे जागा मिळाली पाहिजे.

या तिन्हींपैकी कोमिशे ओपेर माझ्या विशेष जिव्हाळ्याचं. 1947 मध्ये, शहर अजून ढिगाऱ्यात असताना, वाल्टर फेल्झेनश्टाइन या दिग्दर्शकाने ते सुरू केलं. ऑपेरा मूळचा इटालियन असो की रशियन, इथे तो जर्मनमध्येच गायचा, असा दंडक त्याने घातला आणि तो कित्येक दशकं पाळला गेला. समोर बसलेल्याला कळलं पाहिजे, एवढाच त्यामागचा हेतू. पुढे शहरातली माणसं बदलली. 1961 च्या करारानंतर तुर्कस्तानातून हजारो कामगार पश्चिम जर्मनीत आले; त्यांची नातवंडं आज बर्लिनच्या शाळांत शिकतात. 2011 मध्ये या ऑपेरागृहाने खुर्च्यांच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यांवर तुर्की भाषांतरही द्यायला सुरुवात केली. एवढ्यावर ते थांबलं नाही. गायक-वादकांची छोटी तुकडी मिनीबसमध्ये बसून वस्त्या-वस्त्यांत जाऊ लागली. 'अलीबाबा आणि चाळीस चोर' या गोष्टीवर जर्मन आणि तुर्की अशा दोन्ही भाषांत मुलांसाठी ऑपेरा झाला. त्याचा संगीतकार तानेर आक्योल हा मुळात बाग्लामा हे तुर्की तंतुवाद्य वाजवणारा कलावंत.

तिथे पाहिलेला मोझार्टच्या 'जादूच्या बासरी'चा प्रयोग मला चांगला आठवतो. माझ्या शेजारी डोक्याला रुमाल बांधलेल्या एक तुर्की आजी आणि त्यांची आठ-नऊ वर्षांची नात बसली होती. आजींनी समोरच्या पडद्यावर तुर्की लावलं, नातीने जर्मन. पक्षी पकडणारा पापागेनो मंचावर आला आणि दोघी एकाच क्षणी खळखळून हसल्या. मध्यंतरात नात आजीला जर्मन शब्द समजावून सांगत होती आणि आजी तिला तुर्कीत पुढची गोष्ट काय असेल ते सांगत होत्या. 1791 मध्ये व्हिएन्नाच्या एका उपनगरी नाटकगृहात हा ऑपेरा पहिल्यांदा झाला, तोही दरबारी इटालियन सोडून साध्या जर्मनमध्ये, मधेमधे बोलके संवाद घालून. म्हणजे सामान्य माणसासाठी तो जन्मापासूनच होता. त्या सामान्य माणसांत या आजीही आल्या, इतकंच.

आपल्याला यात परकं काही वाटू नये. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी कालिदासाचं 'शाकुंतल' मराठी पदांमध्ये ओवून पुण्यात रंगभूमीवर आणलं. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. आणि मी राहते त्या शहराशी तर मराठी रंगभूमीचं थेट नातं आहे. फ्रीडरिशश्ट्रास स्टेशनवर उतरून नदीपाशी आलं, की शिफबाउअरडाम हे नाटकगृह दिसतं. 31 ऑगस्ट 1928 ला तिथे नाटककार ब्रेश्ट आणि संगीतकार कुर्ट वाइल यांच्या 'थ्री पेनी ऑपेरा'चा पहिला प्रयोग झाला. तोही मुळात जॉन गे याच्या 1728 च्या लंडनमधल्या ऑपेरावरून उचललेला. एलिझाबेथ हाउप्टमानने त्याचं जर्मन भाषांतर केलं आणि ब्रेश्टने त्याला बर्लिनचं रूप दिलं. त्याचाच पुढे पुलंनी 'तीन पैशाचा तमाशा' केला आणि जब्बार पटेलांनी तो 1978 मध्ये बसवला. लंडनचे चोर बर्लिनला आले, बर्लिनचे पुण्याला, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांनी तिथल्या प्रेक्षकाला स्वतःच्याच गावाबद्दल विचारात पाडलं.

ब्रेश्टचं 'कॉकेशियन चॉक सर्कल' हे नाटक मला यवतमाळच्या अधिक जवळचं वाटतं. चिं. त्र्यं. खानोलकरांनी त्याचं 'अजब न्याय वर्तुळाचा' केलं, आणि विजयाबाई मेहतांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या साथीने ते लोकनाट्याच्या ढंगात उभं केलं. त्याची सुरुवात होते जमिनीच्या भांडणाने. युद्ध संपलंय, एका खोऱ्यावर दोन गावं हक्क सांगतायत: शेळ्या पाळणारे म्हणतात आमचं, फळबागा लावू पाहणारे म्हणतात आम्ही इथे पाणी आणतो. वाद मिटतो आणि पाहुण्यांच्या मानात शेतकरीच नाटक करून दाखवतात. मुख्य नाटक ते हेच. ज्यांच्या जमिनीचा प्रश्न, तेच नट.

हे वाचताना मला आपल्याकडची लोकनाट्यं आठवतात: खडी गंमत, दिवाळीनंतरची दंडार. ढोलकी-डफावर उभ्याने रात्र जागवणारे शाहीर दिवसा त्याच गावात निंदण-वखरण करणारे असायचे. बघणारे आणि करणारे एकाच पाणवठ्यावरचे. सावकार, पटवारी, पाऊस यांच्यावरची टीका गंमतीच्या तोंडून निघाली की सगळं गाव ऐकून घ्यायचं. सिनेमा आला, टीव्ही आला, आणि गावाला एकत्र बसवणाऱ्या त्या रात्री कमी होत गेल्या.

नेमक्या त्याच काळात आमच्या जिल्ह्यावर आभाळ कोसळलं. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 ला पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. त्यानंतर यवतमाळचं नाव देशभर कोणत्या कारणासाठी घेतलं जाऊ लागलं ते मी सांगायला नको. माणूस गेला की मागे राहिलेल्या बाईचा प्रवास सुरू होतो. प्रकरण 'पात्र' की 'अपात्र'? पात्र ठरलं तर सरकारी मदत एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. सातबारावर तिचं नाव चढणार की दिराचं? कर्ज कोणी फेडायचं? आणि गावातल्या लग्नकार्यात तिने पुढे यायचं की मागच्या खोलीत बसायचं? अनेक वर्षं या बाईबद्दल बोलले ते अधिकारी, पुढारी, पत्रकार आणि आमच्यासारखे दूर राहून हळहळणारे. तिला बोलायला मंच नव्हता.

तो मंच 'तेरवं'ने दिला. श्याम पेठकरांनी लिहिलेलं आणि वर्ध्याच्या हरीश इथापे यांनी बसवलेलं हे नाटक. त्यात उभ्या राहिल्या त्या शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांमधल्याच बायका. नवरा गेला, त्याचं तेरवं (तेराव्या दिवसाचं कार्य) झालं, पाहुणे गेले, आणि मग तिच्या वाट्याला काय आलं, हे त्या स्वतः सांगतात. माझ्या आईने तो प्रयोग पाहिला आणि मला फोनवर म्हणाली, "अवं, त्या रडत नव्हत्या. सांगत होत्या. आमीच रडलो." आईच्या शेजारी बसलेल्या बाईंना स्वतःच्या भावाच्या घरचं आठवलं आणि त्या दोघी प्रयोगानंतर बराच वेळ बोलत बसल्या. एकमेकींना आधी त्या ओळखतही नव्हत्या.

जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक म्हणून लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेल्याने महाराष्ट्रभर संताप उसळला होता. अखेर उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी: शेतकऱ्याची विधवा आणि 'तेरवं'मधली अभिनेत्री. निमंत्रणाच्या बाबतीत जे घडलं ते चूक होतं, यात मला शंका नाही. पण वैशालीताई त्या व्यासपीठावरून बोलल्या तेव्हा हजारोंच्या सभेने ऐकलं, आणि इथे मोबाईलवर मीही ऐकलं. नाटकात उभं राहण्याची सवय झालेल्या बाईचा आवाज कसा असतो, ते त्या दिवशी कळलं. पुढे त्यांनी लोकसभेची निवडणूकही लढवली. 2024 मध्ये 'तेरवं' चित्रपट होऊनही आलं.

माझं म्हणणं या सगळ्यातून एकच निघतं. रूपांतर करताना गावांची नावं आणि कपडे बदलले म्हणून समाज जोडला जात नाही. समाज जोडला जातो तो, आजवर ज्यांच्याविषयी गोष्ट सांगितली जायची ती माणसं स्वतः गोष्ट सांगू लागतात तेव्हा. बर्लिनमध्येही मला हेच दिसलं. शेर्मिन लांगहोफ या तुर्की मुळाच्या बाईंनी 2008 मध्ये क्रॉइत्सबेर्गमधल्या बालहाउस नाउन्युनश्ट्रासमध्ये स्थलांतरितांच्या मुलांना लेखक-दिग्दर्शक म्हणून उभं केलं. 2013 मध्ये त्या सरकारी माक्सिम गॉर्की नाटकगृहाच्या प्रमुखपदी आल्या. तिथे सीरिया, पॅलेस्टाइन, अफगाणिस्तानातून आलेल्या नटांचा स्वतंत्र गट झाला. त्यांच्या प्रयोगानंतर बाहेरच्या आवारात जर्मन आणि परके एकाच बाकावर वाद घालत बसलेले मी पाहिले आहेत. सरकारी कचेरीतल्या रांगेत अशी ओळख होत नाही.

युरोपातल्या आपल्या मराठी मंडळांना मला म्हणूनच काही सांगायचं आहे. मुंबई-पुण्याची गाजलेली नाटकं आपण हौसेने बोलावतो, ती बोलवावीतच. पण गणपतीत एक संध्याकाळ आपलं स्वतःचं नाटक करू या. व्हिसाच्या मुदतीवर जगणारी तरुण मुलं, नवऱ्याच्या नोकरीपायी स्वतःची नोकरी सोडून आलेल्या बायका, जर्मन न येणारे म्हातारे आईवडील, यांच्या गोष्टी त्यांच्याच तोंडून येऊ द्या. शेजारच्या जर्मन आणि तुर्की कुटुंबांना बोलवा, पडद्यावर त्यांच्या भाषेत ओळी दाखवा. खर्च फार नाही, तयारी मात्र लागते.

आणि यवतमाळकरांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. वणी, पुसद, उमरखेड, पांढरकवडा, दारव्हा, प्रत्येक तालुक्याच्या गावी तालमीला एक बरी खोली आणि प्रयोगाला एक स्वच्छ सभागृह असावं, यासाठी नगरपालिकेच्या मागे लागा. शेतकरी बायकांच्या प्रयोगाची पाटी दिसली, तर पास मागू नका. तिकीट काढून जा, आणि पडदा पडल्यावर लगेच उठू नका. थांबा, त्यांच्याशी बोला.