मोजलेला स्वर

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. त्याचे पद श्रीकरणाधिपाचे, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याच्या प्रमुखाचे. काश्मीरहून दक्षिणेत आलेल्या घराण्यातला हा हिशेबनीस सिंघण यादवाच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहितो आणि ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात स्वरांचाही हिशेब मांडतो. एका स्वराचा एकच क्रम, दोहोंचे दोन, तिहींचे सहा, चोहोंचे चोवीस. असे वाढत सात स्वरांचे ५०४० क्रम होतात. ते सर्व ठरावीक पद्धतीने मांडणे म्हणजे ‘प्रस्तार’. अनुक्रमांकावरून स्वरक्रम शोधणे म्हणजे ‘नष्ट’ आणि स्वरक्रमावरून अनुक्रमांक सांगणे म्हणजे ‘उद्दिष्ट’. या दोहोंसाठी जे कोष्टक वापरायचे ते ‘खंडमेरू’. छंदःशास्त्राच्या अभ्यासकाला या संज्ञा परक्या वाटणार नाहीत. पिंगलाच्या परंपरेत लघु-गुरूंचा हिशेब याच शब्दांनी होत आला आहे.

विसाव्या शतकात युरोपीय संगीतात ‘सिरिअलिझम’ या नावाने जे मालिकातंत्र रूढ झाले, त्याच्या मुळाशीही क्रमाचाच विचार आहे. आर्नोल्ड शोनबर्गने १९२१ ते १९२३ या काळात सिद्ध केलेल्या पद्धतीत सप्तकातील बाराही स्वर समान मानले जातात. रचनाकार त्यांचा एक क्रम निश्चित करतो. तो क्रम सुलट, उलट, ऊर्ध्व-अधो पालटून आणि त्या पालटाचाही उलट, असा चार रूपांनी येतो. प्रत्येक रूप बारा स्थानांवरून आरंभता येत असल्याने एका मालिकेची ४८ रूपे होतात. बारा स्वरांचे संभाव्य क्रम ४७,९०,०१,६०० आहेत. त्यांतून एकाची निवड करणे हाच रचनेचा पहिला निर्णय होय.

या दोन हिशेबांची गाठ केवळ साम्यापुरती नाही. फ्रेंच रचनाकार ऑलिव्हिए मेसियाँ याला एका फ्रेंच संगीतकोशात शार्ङ्गदेवाच्या १२० देशी तालांची यादी सापडली आणि ती त्याच्या लयविचाराचा आधार बनली. दुसऱ्या महायुद्धात तो गोर्लिट्झ येथील जर्मन युद्धबंदी छावणीत होता. तेथे पूर्ण केलेल्या, काळाच्या अंताला उद्देशून रचलेल्या चतुष्काचा पहिला प्रयोग १५ जानेवारी १९४१ रोजी बंदिवानांसमोर झाला. त्याच्या पहिल्या भागात पियानोवर रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तालांपासून घडलेला १७ कालमूल्यांचा क्रम फिरत राहतो आणि त्याबरोबर २९ स्वरसंवादांचा दुसरा क्रम. १७ आणि २९ यांना सामाईक विभाजक नाही. त्यामुळे दोन्ही क्रमांचे आरंभ ४९३ आघातांनंतरच पुन्हा एकत्र यावयाचे, आणि त्यापूर्वीच तो भाग संपतो. पुढे १९४९ मध्ये मेसियाँने स्वर, कालमूल्य, आघात आणि नादाची तीव्रता या चारही अंगांना क्रम लावला. त्याच रचनेतील बारा स्वरांचा एक विभाग पिएर बूलेझने १९५२ च्या सुमारास आपल्या दोन पियानोंसाठीच्या रचनेची मालिका म्हणून घेतला.

एवढ्यावरून ‘हे आपल्याकडे आधीच होते’ असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. मेसियाँने छापील यादीतून घेतली ती कालमूल्ये. टाळी, आवर्तन आणि गायकाशी असलेला तालाचा व्यवहार तेथे पोहोचला नाही. दुसऱ्या बाजूने, खंडमेरूतील गणित रागाला ओळखत नाही. ५०४० क्रमांपैकी कोणता क्रम कोणत्या रागात शोभेल हे कोष्टक सांगत नाही. ते ठरते वादी-संवादी, न्यास आणि चलन यांवरून. शोनबर्गने केंद्रस्थानी असलेला स्वर मुद्दाम दूर केला. येथे षड्ज ढळत नाही आणि क्रमांची सारी उलथापालथ त्याच्या साक्षीने होते. मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याने ज्या मेरुखंडाची तालीम जोपासली, तिचा ठसा उस्ताद अमीर खाँ यांच्या विलंबित ख्यालावर स्पष्ट उमटलेला आहे. परंतु तो विस्तार ऐकताना श्रोत्याला गणित जाणवत नाही. जाणवते ते एवढेच, की तेच तीन-चार स्वर दर वेळी नव्या वाटेने येत आहेत.

हा भेद सामान्य अनुभवापासूनही दूर नाही. पेण तालुक्यातील डोलवीसारख्या गावात पेटी शिकू लागलेल्या मुलाचा पहिला धडा अलंकारांचाच असतो: सारेग, रेगम, गमप. तो पाठ म्हणजे संगीत नव्हे, आणि तो टाळूनही संगीत येत नाही. त्याच तालुक्यात, पेणच्या कारखान्यांत, एका साच्यातून कितीतरी गणेशमूर्ती निघतात. डोळ्यांची आखणी मात्र प्रत्येक मूर्तीची हातानेच करावी लागते. साच्याला दोष देऊन आखणी साधत नाही, आणि साचा कितीही नेटका असला तरी मूर्तीला दृष्टी येत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला या विषयाचे प्रयोजन येथे आहे. मोजणी आणि भावना यांचे वैर आपल्या समीक्षेत अनेकदा गृहीत धरले जाते. रचनेची आकडेमोड दिसताच कृती ‘कृत्रिम’ ठरते. परंतु मोठ्या अभंगाच्या सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांच्या चौकटीत तुकोबांचा आक्रोश मावला, तो आखडला नाही. छावणीतल्या बंदिवानानेही गणिताचा आधार घेतला, तो भावना आटली म्हणून नव्हे. बाहेरचा सारा क्रम मोडला असता निदान एक क्रम त्याला स्वतः राखता येत होता. म्हणून एखादी कृती मोजून रचली आहे का, हा प्रश्न गौण होय. मोजणी संपल्यानंतर रचनाकाराने कोणता क्रम निवडला आणि कोणते हजारो क्रम सोडून दिले, हे पाहणे अधिक फलदायी. शार्ङ्गदेवाच्या कोष्टकात सारे क्रम समान आहेत. गाणाऱ्याच्या कंठात ते समान राहत नाहीत.