कालचा निश्चय आज पुरत नाही
(फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्र यांना अनावृत पत्र)

आदरणीय सार्त्र यांस,


माझ्या वडिलांनी पन्नाशीत तंबाखू सोडली. देवासमोर, आईच्या देखत शपथ घेतली. तिसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर शेजाऱ्याने चंची सोडली, चुना लावून तो तंबाखू मळू लागला, आणि वडिलांचा अंगठा रिकाम्या तळव्यावर फिरू लागला. शपथ त्यांना आठवत होती, पण ती हात धरायला आली नाही. रात्री ते म्हणाले, “माझ्यात दमच नाही.” त्या शरमेनेच चंची पुन्हा घरात आली.

पुढे १९४३ सालच्या तुमच्या ‘बीइंग अँड नथिंगनेस’मध्ये मला एक जुगारी भेटला. जुगार सोडायचा मनापासून निश्चय केलेला हा माणूस टेबलाजवळ येतो आणि कालचा निश्चय आज काहीच अडवत नाही, हे त्याला दिसते. तुम्ही त्याला दुबळा म्हणत नाही. निश्चय एकदा केला की तो जाणिवेसमोरची एक वस्तू होऊन पडतो, आता या क्षणी तो नव्याने केला तरच त्यात जीव येतो, असे तुम्ही सांगता. वाचताना मला ओसरी दिसली.

या विचाराचे मूळ १९३६-३७ मध्ये छापून आलेल्या ‘द ट्रान्सेंडन्स ऑफ द इगो’ या तुमच्या निबंधात आहे. तत्त्वज्ञ हुसर्लने जाणिवेच्या मागे ठेवलेला ‘मी’ तुम्ही तिथून काढून टाकलात. जाणिवेला आतून हाकणारा कोणी नाही, ती क्षणोक्षणी आपणहून उमलते. ‘मी’ दिसतो तो मागे वळून पाहिल्यावर. म्हणजे ‘माझा स्वभावच असा’ ही सबब उरत नाही. हे भोवळ आणणारे आहे, हेही तुम्ही लपवले नाहीत.

तरी एक तक्रार आहे. तुमचे स्नेही मर्लो-पाँती यांनी १९४५ मध्ये लिहिले की, वीस वर्षे न्यूनगंड बाळगलेला माणूस या क्षणी बदलणे अशक्य नसले, तरी संभवत नाही. वडिलांच्या अंगठ्यात तंबाखूची तीस वर्षे साचली होती. त्या वर्षांचे वजन तुम्ही कमी धरलेत, असे मला वाटते.

पण म्हणूनच तुमची शिकवण मला अधिक मोलाची वाटते. वजन आहे, तर एका शपथेवर भागणार नाही. रोज, प्रत्येक चंचीसमोर, पुन्हा ठरवावे लागेल. तिसऱ्या दिवशी मोडला तो निश्चय. ठरवण्याची ताकद चौथ्या दिवशी सकाळी तितकीच शाबूत होती. हे वडिलांना सांगणारे तेव्हा कोणी नव्हते.

ज्यांच्या घरात आज कोणी व्यसन सोडू पाहत आहे, त्यांना माझी विनंती आहे : त्या माणसाकडून शपथ घेऊ नका. रोज सकाळी त्याला एवढेच विचारा, “आज काय ठरवलंस?”

आपला,
एक वाचक